खंड्याचे मालक

२३ जून २०२१ या दिवशी किंगफिशर बीअर पुरती डच झाली. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या वसुली अधिकाऱ्याने ती बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमधले विजय मल्ल्यांचे जप्त झालेले १४.९९ टक्के शेअर विकायला काढले. ॲमस्टरडॅमच्या हायनेकेनने ते ५,८२५ कोटी रुपयांना उचलले आणि त्यांचा हिस्सा साडेशेहेचाळीस टक्क्यांवरून साडेएकसष्टवर गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखाली काम केलेल्या एका पोराचा फोन आला. ‘साहेब, आपली किंगफिशर गेली की हो परक्याच्या घरी.’ मी म्हटलं, ‘अरे, ती आपल्या घरी होती कधी? आणि गेली म्हणतोस, तर सकाळी गेटवर पास कुणी फाडला?’ तो हसला. पास त्यानेच फाडला होता.

मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. जुने लोक अजून याला दारूबंदी खातं म्हणतात. माझी बरीचशी नोकरी बीअरच्या कारखान्यांच्या फाटकाआत गेली, आधी वाळूजला आणि नंतर तळोजाला. बाहेरच्यांना वाटतं, एक्साइजवाला म्हणजे धाडी घालणारा, हातभट्टीची पिंपं फोडणारा. ब्रुअरीतला एक्साइजवाला हा निराळाच प्राणी. त्याला कंपनीच्याच आवारात एक खोली असते, एक कपाट, चार रजिस्टरं आणि दारावर सरकारी पाटी. किती माल्ट शिजवलं, कुठल्या टाकीत किती आंबतंय, गाळून किती उरलं, किती बाटल्या भरल्या आणि किती फुटल्या, हे सगळं त्याच्या वहीत उतरतं. शुल्क आधी सरकारजमा, मग पास, मग ट्रक हलणार. गंमत म्हणजे या पहारेकऱ्याचा खर्चही सरकार कंपनीकडूनच वसूल करतं. दारूबंदी कायद्याचं कलम ५८-अ त्यासाठीच आहे.

त्या खोलीतून मी मालक बदलताना पाहिले. फाटकावरची पाटी बदलायची, रखवालदाराच्या टोपीवरचा बिल्ला बदलायचा, नवा मॅनेजर यायचा आणि पेढे द्यायचा. आमचं रजिस्टर तेच, शाई तीच. त्यामुळे बीअरच्या कंपन्यांचा इतिहास वाचताना माझं लक्ष शेअरांच्या टक्केवारीपेक्षा लायसन्सकडे जातं. बाटलीवरचा पक्षी कुणाचा, हे शेअरबाजार सांगेल. पण त्या पक्ष्याने कुठे उतरायचं, किती किमतीला आणि कोणत्या दुकानात, हे ठरवणारा मालक दुसराच आहे, आणि तो १९४७ पासून बदललेला नाही.

गोष्ट सुरू होते गोऱ्या सोल्जरपासून. हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी होत्याच, १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्या आणखी वाढवल्या. पलटण आली की तिला बीअर लागे. विलायतेहून जहाजाने येणारी बीअर महाग, आणि इथे करायची तर थंडी हवी. बर्फाची यंत्रं यायच्या आधी आंबवणीचं तापमान सांभाळायला डोंगर हाच एक उपाय होता. म्हणून पहिल्या ब्रुअऱ्या निघाल्या त्या कसौलीला, मरीला आणि दक्षिणेत नीलगिरीत. कसौलीची ब्रुअरी काढणाऱ्या एडवर्ड डायरचा मुलगा रेजिनाल्ड पुढे जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर झाला. तो वेगळ्या कंपनीचा इतिहास आहे, पण आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी एवढं जरी सांगितलं असतं तरी एक तास जागेपणी गेला असता.

नीलगिरीतली कॅसल ब्रुअरी १८५७ ची. युनायटेड ब्रुअरीज आपली वंशावळ तिथपर्यंत नेते. प्रत्यक्ष कंपनी झाली ती १९१५ साली. थॉमस लीशमन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतल्या पाच लहान ब्रुअऱ्या एका कंपनीत बांधल्या. त्यांत कॅसल होती, नीलगिरीतली आणखी एक होती, बंगलोरची होती. महायुद्ध सुरू होतं, छावण्या भरलेल्या होत्या. मोठाल्या लाकडी पिंपांतली बीअर बैलगाड्यांवर लादून छावण्यांना जायची. पुढची तीस वर्षं या कंपनीत सांगण्यासारखं फार घडलं नाही. गोऱ्यांची कंपनी, गोऱ्यांचं गिऱ्हाईक.

१९४७ साली तिच्या संचालक मंडळावर पहिला हिंदी माणूस आला. विठ्ठल मल्ल्या, वय २३. घराणं दक्षिण कन्नडमधल्या बंटवाळचं, घरात कोकणी. वडील लष्करात डॉक्टर, त्यामुळे जन्म ढाक्याचा. शिक्षण डून स्कूलला आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. या तरुणाने गाजावाजा न करता युनायटेड ब्रुअरीजचे शेअर गोळा केले होते. पुढच्याच वर्षी तो अध्यक्ष झाला. १९५१ मध्ये मॅकडॉवेल घेतली. सॉस-जॅमवाली किसान कंपनीसुद्धा मल्ल्यांच्याच घरात आली, हे आज फार जणांना ठाऊक नसतं.

इंग्रज निघाले होते, त्यांच्या कंपन्या मिळत होत्या, हे खरं. पण तो काळ दारूच्या धंद्यात शिरण्याचा मुळीच नव्हता. मद्रासमध्ये दारूबंदी झाली होती. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि गृहखातं होतं मोरारजी देसाईंकडे. लगोलग राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सरकारने दारूबंदीच्या दिशेने जावं असं लिहून ठेवलं. अशा वेळी ब्रुअरी विकत घेणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर त्याला आमच्या खात्याचं भविष्य आमच्याआधी कळलेलं असावं.

कारण बंदी आली तरी बंदीबरोबर परवानाही येतो. महाराष्ट्राने साठच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, दारूबंदी सैल केली. कायदा मात्र रद्द केला नाही. तो आजही लागू आहे. म्हणजे आपल्या राज्यात आजही नियम बंदीचा आहे आणि परवानगी हा अपवाद. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते उगाच नाही. पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, वर्षाचा शंभरला, जन्माचा हजारला. बीअर २१ व्या वर्षी चालते, व्हिस्कीला पंचविशी गाठावी लागते. ‘परवाना दाखवा’ म्हटलं की लोक हसायचे. मीही हसायचो. पण कधी एखाद्यावर केस करायचीच झाली, तर त्या पाच रुपयांच्या कागदाची आठवण सगळ्यांना एकदम यायची.

त्यात घटनेने दारू राज्यांच्या यादीत टाकलेली. उत्पादन, विक्री, शुल्क, सगळं राज्यांकडे. पुढे जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेरच ठेवली, कारण एकही राज्य ही दुभती गाय सोडायला तयार नव्हतं. याचा बीअरवर जो परिणाम होतो तो व्हिस्कीवर तितका होत नाही. बीअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. बाटली जड, काच फुटणारी, माल स्वस्त, आणि सहा महिन्यांत संपवायला हवा. असला माल लांब नेणंच परवडत नाही. वर राज्याची हद्द ओलांडली की तिकडचं शुल्क, इकडचं शुल्क, दोन्हीकडचे पास. म्हणून एकाच मोठ्या कारखान्यातून देशभर माल पाठवायचा मार्ग बीअरवाल्याला बंद. त्याला राज्या-राज्यात ब्रुअरी लागते, तिथलं लायसन्स लागतं, तिथे दरवर्षी मंजूर करून घेतलेलं लेबल लागतं.

विठ्ठल मल्ल्यांना हे इतरांच्या आधी उमगलं. नव्या ब्रँडच्या मागे लागण्यापेक्षा ते राज्यं गोळा करत गेले. कुठे बंद पडायला आलेली ब्रुअरी घेतली, कुठे भागीदारी केली. दारूबंदीची आवई उठली की शेअर पडायचे, मालक घाबरून विकायचे आणि मल्ल्या घ्यायचे. १९७७ साली मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि चार वर्षांत देशभर दारूबंदी आणण्याची भाषा सुरू झाली. आमच्या खात्याचे जनक आता साऱ्या देशाचे मालक. नेमक्या त्याच काळात, १९७८ साली, युनायटेड ब्रुअरीजने किंगफिशर ही लेगर बाजारात आणली. पाण्यावर झेपावणारा निळा खंड्या लेबलावर, आणि दिल्लीत मोरारजी. मोरारजींचं सरकार वर्षभरात गेलं. खंड्या राहिला.

१३ ऑक्टोबर १९८३ रोजी विठ्ठल मल्ल्या मुंबईत वारले, साठीही न गाठता. विजय तेव्हा २७ वर्षांचा. बाप प्रसिद्धीपासून लांब राहणारा आणि काटकसरी म्हणून नावाजलेला. मुलगा कसा, हे मी सांगायची गरज नाही. पण त्याच्या नावाने आज सगळेच बोटं मोडतात, म्हणून दोन गोष्टी त्याच्या पदरात टाकतो.

एक, जाहिरात. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांनी दारूची जाहिरात बंद झाली. तर टीव्हीवर किंगफिशरचं पाणी आलं, सोडा आला. २००३ पासून अतुल कसबेकरांनी टिपलेलं कॅलेंडर आलं. बीअर कुठेच दिसत नव्हती आणि पक्षी सगळीकडे दिसत होता. सरकारी कचेरीच्या भिंतीवर ते कॅलेंडर लागणं शक्य नव्हतं. कपाटाच्या दाराला आतून लावलेलं मी पाहिलं आहे.

दुसरी, स्ट्राँग. आमच्या वहीत बीअरचे दोन रकाने: पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्याच्यावर आठपर्यंत स्ट्राँग. स्ट्राँगवर शुल्क जास्त असतं, पण दुकानात दोन बाटल्यांच्या किमतीत जेवढा फरक दिसतो त्यापेक्षा आतला फरक मोठा. दिवसभर शिफ्ट करून आलेला माणूस हिशेबी असतो. एका बाटलीत काम भागत असेल तर तो दोन का घेईल? ही नाडी आधी शॉ वॉलेसच्या हेवर्ड्स ५००० ने ओळखली. किंगफिशर स्ट्राँग १९९९ मध्ये आली आणि बघता बघता तिने घरातल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माइल्ड किंगफिशरला, मागे टाकलं. आज देशात विकल्या जाणाऱ्या पाचांतल्या जवळपास चार बाटल्या स्ट्राँग असतात. याचं श्रेय चवीपेक्षा करपद्धतीला जास्त जातं, हे माझं मत. परदेशी तज्ज्ञ आले की ते भारतीयांच्या आवडीवर बोलायचे. मी गप्प बसायचो.

बाटलीचं सांगायचं राहिलं. ती ६५० मिलीची आणि क्वचितच कोरी. भंगारवाल्याकडून गोण्यांत भरून परत येते, कॉस्टिकच्या गरम पाण्यात धुतली जाते, पुन्हा भरली जाते. खांद्याला आणि बुडाशी घासल्याचं पांढरट वळं पडतं. ते जितकं रुंद तितक्या तिच्या फेऱ्या जास्त. धुलाईच्या पट्ट्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव काचेत उठवलेली बाटली हमखास यायची आणि ती वेगळी काढावी लागायची. कधी कधी ती कंपनी विकली जाऊन जमाना झालेला असायचा, पण तिचं नाव भंगाराच्या वाटेने फिरतच असायचं.

वाळूजला असताना तर मालकांची नुसती वरात पाहिली. तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे बीअरवाल्यांची पंढरीच. फॉस्टर्सची ब्रुअरी तिथे होती, ऑस्ट्रेलियनांची. २००६ मध्ये ती साबमिलरने घेतली. शॉ वॉलेसचा बीअरचा धंदाही तोवर साबमिलरकडे गेलेला होता. २०१६ मध्ये साबमिलरलाच अँहॉयझर-बुश इनबेव्हने गिळलं. सिंगापूरच्या एशिया पॅसिफिक ब्रुअरीजचाही कारखाना औरंगाबादेत होता आणि आंध्र प्रदेशातही होता, आणि त्या कंपनीत हायनेकेनचा मोठा वाटा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००५ च्या आसपास युनायटेड ब्रुअरीजमध्ये एडिंबराच्या स्कॉटिश अँड न्यूकॅसल कंपनीने ३७.५ टक्के हिस्सा घेतला. मल्ल्यांचाही तेवढाच. लीशमनच्या कंपनीत नव्वद वर्षांनी पुन्हा स्कॉटिश पैसा आला. आणि त्याच वर्षी, ९ मे २००५ रोजी, किंगफिशर एअरलाइन्सचं पहिलं विमान मुंबईहून दिल्लीला उडालं. बीअरचं नाव विमानाच्या शेपटीवर गेलं. २००७ मध्ये मल्ल्यांनी व्हाइट अँड मॅके ही स्कॉच कंपनी ५९५ दशलक्ष पौंडांना घेतली. पाठोपाठ एअर डेक्कन पोटात घातली. बापाने पडत्या भावात घेतलं होतं, मुलगा चढ्या भावात घेत होता.

एप्रिल २००८ मध्ये हायनेकेन आणि डेन्मार्कची कार्ल्सबर्ग यांनी मिळून स्कॉटिश अँड न्यूकॅसल ७.८ अब्ज पौंडांना घेतली आणि तिची वाटणी केली. रशिया आणि फ्रान्स कार्ल्सबर्गला, ब्रिटन हायनेकेनला. त्या वाटणीत किंगफिशरमधला ३७.५ टक्के हिस्सा हायनेकेनच्या पानात पडला. मल्ल्यांना बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं. त्यांची हरकत सरळ होती: जो गृहस्थ औरंगाबादेत आणि आंध्रात माझ्याविरुद्ध बीअर विकतो, तो माझ्या कंपनीच्या बैठकीत कसा बसेल? डिसेंबर २००९ मध्ये समझोता झाला. त्या दोन्ही ठिकाणचं काम युनायटेड ब्रुअरीजकडे आलं आणि हायनेकेन बीअर भारतात युनायटेड ब्रुअरीजने करायची ठरलं. २०११ साली ती तळोजाला होऊ लागली. हायनेकेनचं यीस्ट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. १८८६ मध्ये डॉ. एलियन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वेगळं काढलेली जात ते आजवर सांभाळत आलेत आणि जगभर पाठवतात. यीस्टवर शुल्क नसतं, म्हणून आमच्या खात्याला त्याचं कौतुक नाही.

इथे हायनेकेन घराण्याबद्दल थोडं सांगतो, कारण मल्ल्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं की ते जास्त उठून दिसतं. १८६४ मध्ये गेरार्ड हायनेकेन या तरुणाने ॲमस्टरडॅममधली एक जुनी ब्रुअरी घेतली. त्याच्या मुलाच्या हातून १९४२ पर्यंत घराण्याचं बहुमत गेलं. नातू फ्रेडी याने शेअर गोळा करत करत १९५४ पर्यंत ते परत मिळवलं. पुढे त्याने मूळ कंपनीच्या वर एक होल्डिंग कंपनी बसवली. खालच्या कंपनीचे निम्म्याहून थोडे जास्त शेअर होल्डिंगकडे आणि होल्डिंगचे निम्म्याहून थोडे जास्त घराण्याकडे. पाव भागाच्या मालकीत सगळा कारभार हातात. विठ्ठल मल्ल्या वारले त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९८३ मध्ये, फ्रेडीचं अपहरण झालं आणि कोट्यवधींची खंडणी देऊन तो सुटला. घराण्याच्या मुठीतून कंपनी मात्र सुटली नाही. २००२ मध्ये तो गेला तेव्हा सगळं मुलीकडे, शार्लीनकडे, आलं.

इकडे मल्ल्यांनी शेअर तारण ठेवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर बसली ती बसलीच. आधी व्हिस्कीचा धंदा, युनायटेड स्पिरिट्स, दियाजिओकडे गेला. बँकांची थकबाकी व्याजासकट ९,००० कोटींच्या घरात पोचली. २ मार्च २०१६ रोजी मल्ल्या देश सोडून गेले आणि मग लिलाव सुरू झाले. मुंबईत विमानतळाजवळचं किंगफिशर हाउस दीडशे कोटींना काढलं, कुणी फिरकलं नाही. अखेर २०२१ मध्ये ते सव्वाबावन्न कोटींना गेलं. गोव्यातला किंगफिशर व्हिला २०१७ मध्ये ७३ कोटींना सचिन जोशी यांनी घेतला. ते नट आणि उद्योजक, आणि गोव्याच्या किंग्ज बीअरचे मालक. एका बीअरवाल्याचं घर दुसऱ्या बीअरवाल्याने घेतलं. गोवेकरांना यात विशेष काही वाटलं नसावं.

सगळ्यांत बोलका लिलाव नावाचा. एअरलाइन्सची बोधचिन्हं, उडता पक्षी, घोषवाक्यं बँकांनी तारण घेतली होती. एप्रिल २०१६ मध्ये ती ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीला काढली. एकही बोली आली नाही. विमानाचा पक्षी कुणाला फुकटसुद्धा नको होता, आणि त्याच वेळी बीअरचा पक्षी देशातली जवळपास निम्मी बाजारपेठ राखून होता. नाव एकच, पण एका नावामागे राज्याराज्यांतली लायसन्सं आणि ब्रुअऱ्या होत्या, दुसऱ्यामागे फक्त कर्ज. हायनेकेनने २०२१ मध्ये शेअरमागे सुमारे १,४६९ रुपये मोजले ते पक्ष्याच्या चित्रासाठी मोजले असं ज्याला वाटतं, त्याने एकदा एखाद्या नव्या ब्रुअरीचं लायसन्स काढायला जाऊन पाहावं.

हायनेकेनला बहुमत मिळालं आणि तीनच महिन्यांत, सप्टेंबर २०२१ मध्ये, स्पर्धा आयोगाचा दणका बसला. बीअरच्या कंपन्या २००९ ते २०१८ या काळात आपसात भाव ठरवत होत्या, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत, असा निकाल. युनायटेड ब्रुअरीजला ७५२ कोटी दंड, कार्ल्सबर्ग इंडियाला १२१ कोटी. इनबेव्हने आधीच जाऊन कबुली दिली होती, ती सुटली. कंपन्यांचं वागणं समर्थनीय नव्हतं. पण भाव ठरवायला त्या आपसात का बसायच्या, तर बहुतेक राज्यांत सरकारच भाव मंजूर करतं. एकेकटीने अर्ज केला तर फाइल हलत नाही, सगळ्यांनी मिळून आकडा नेला तर हलते. ही व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांना दंड झालेला नाही.

राज्य हेच खरं मालक, हे मी नोकरीची ऐट म्हणून सांगत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये बिहारने दारूबंदी केली. तिथल्या ब्रुअऱ्यांची बाजारपेठ एका रात्रीत संपली. त्याच महिन्यात मराठवाड्यात दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितली. मालक कुठल्याही देशातला असो, पाणी जायकवाडीचंच. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने तेलंगणाला बीअर देणं थांबवलं, कारण तिथलं सरकारी महामंडळ हेच एकमेव गिऱ्हाईक, त्याने २०१९ पासून भाव वाढवून दिला नव्हता आणि मागचे पैसेही थकवले होते. दोन आठवडेही निघाले नाहीत. २० जानेवारीला पुरवठा पुन्हा सुरू करावा लागला. जगातली दुसऱ्या क्रमांकाची बीअर कंपनी एका राज्याशी दोन आठवडे भांडू शकत नाही.

आणि मालकाला मालाची काळजी असते, तशी ती राज्यालाही असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने बीअरच्या शुल्काचा विचार करायला अभ्यासगट नेमला, कारण शुल्क वाढवलं की खप घसरतो आणि तिजोरीत पैसा कमी येतो. जून २०२५ मध्ये व्हिस्की-रमवरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. बीअरला हात लावला नाही. दारूबंदी कायदा चालवणाऱ्या सरकारने बीअर का खपत नाही याची चिंता करावी, हे मोरारजींना कसं वाटलं असतं ते आपण ओळखू शकतो.

तेव्हा दिवाळीत गोव्याला जाणाऱ्यांना एक सांगणं. परत येताना स्वस्त मिळाली म्हणून डिकीत किंगफिशरचे क्रेट भरू नका. इन्सुलीच्या नाक्यावर आमची पोरं उभी असतात. तुमच्या डिकीतली बाटली आणि सावंतवाडीच्या दुकानातली बाटली, दोन्हींवर पक्षी तोच, दोन्हींचा मालक तोच ॲमस्टरडॅमचा. तरी एक जप्त होते आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होतो, कारण तिच्या लेबलावर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं.